अण्णांचा बलक

विट्याजवळच्या आमच्या गावात अण्णांचं लेअरचं शेड आहे. पिंजऱ्यांत चार हजार पक्षी आणि मालकाच्या गळ्यात तुळशीची माळ. संसार अंड्यावर उभा, पण अंडं कधी जिभेला लागलेलं नाही. आषाढीची वारी करून आले की पाय धुतात आणि आधी शेडात शिरतात.

न चाखलेल्या वस्तूबद्दल माणूस किती हळवा होऊ शकतो, ते अण्णांकडे बघावं. एका कंपनीचा पोरगा वनस्पतींच्या अर्काची बाटली घेऊन आला होता. कवच, बलक, पांढरा, सगळंच सुधारतं म्हणाला. अण्णांनी भाव ऐकला, मग चष्मा लावून लेबल वाचलं. हळद, शतावरी, शेवगा. "हे तर परसात आहे आमच्या," म्हणत त्याला चहा पाजून वाटेला लावलं. तेव्हापासून शेडामागची चूल विझलेली नाही. काढ्याचा चोथा निपलमध्ये अडकून पक्ष्यांचं पाणी बंद पडलं, तेव्हा अण्णा काढा धोतरातून गाळायला लागले. ओव्याचा अर्क काढायला मडकं, नळी, थंड पाण्याची घागर असा थाट मांडला, तेव्हा मात्र कुणीतरी हवालदाराला कळवलं. हवालदार आला, वास घेतला, हिरमुसला आणि पोटाला बरा म्हणून एक बाटली घेऊन गेला.

मिरचीचा प्रयोग त्याहून गाजला. बलकाचा रंग कोंबडीच्या अंगात तयार होत नाही, खाद्यातून येतो. झेंडूनं पिवळा होतो, मिरचीनं त्यावर लाली चढते. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा गावभर उतरलेली तोरणं गोळा करत हिंडतात आणि ब्याडगीचं पोतं कर्नाटकातून मागवतात. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यामुळे पिंजऱ्यांत शांतता होती. खाद्य कालवणारे दोन गडी मात्र दिवसभर शिंकत होते. पंधरवड्यात बलक केशरी झाला. रंग गडद म्हणून अंडं जास्त पौष्टिक ठरत नाही, असं मी सांगून पाहिलं. देवळात चपला घालून शिरल्यासारखं अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

मे महिन्यात कवचं पातळ पडली, ट्रेमागे तडकलेली अंडी निघायला लागली. पशुवैद्य डॉक्टरांनी कारण सांगितलं. उन्हात पक्षी धापा टाकतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मग कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. कवच बहुतेक रात्रीच घडतं, तर संध्याकाळी शिंपल्याचा चुरा द्या आणि दुपारी फॉगर चालवा. अण्णांनी दोन्ही केलं आणि वर शतावरी वाढवली. कवचं सुधारली. शिंपला आणि फॉगर यांचं नावसुद्धा निघालं नाही. सगळ्या गावात शतावरीचा जयजयकार.

डॉक्टर चिवट निघाले. म्हणाले, "अण्णा, युरोपात वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालायला २००६ पासून बंदी आहे. ओवा, लसूण यांच्या अर्कांवर जगभर अभ्यास चालतो. कधी गुण दिसतो, कधी काहीच नाही. तुमचंही तपासू. निम्म्या पिंजऱ्यांना शतावरी द्या, निम्म्यांना नको. बाकी सगळं सारखं."

अण्णांनी हात जोडले. "डॉक्टर, पंक्तिप्रपंच माझ्या शेडात चालायचा नाही. एकीला वाढायचं आणि शेजारचीनं नुसतं बघत बसायचं?"

यावर डॉक्टरांच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

माझं काम चवीचं. सकाळी अण्णा दारात येतात, काचेवर अंडं फोडायला लावतात आणि घट्ट पांढऱ्याची उंची स्वतः मोजतात. ही उंची आणि अंड्याचं वजन यांवरून ताजेपणा ठरवायचं माप रेमंड हॉ नावाच्या अमेरिकनानं १९३७ साली दिलं. अण्णा त्याला 'हॉसाहेब' म्हणतात, एकेरी उल्लेख खपवून घेत नाहीत. मोजणी झाली की उपरणं नाकाला लावून ओट्यापासून लांब उभे राहतात. "खावा मास्तर, आणि खरं सांगा."

व्यापाऱ्याला यातलं काही नको असतं. तो तीस-तीसचे ट्रे मोजतो आणि एनईसीसी या अंडी-समितीचा त्या दिवसाचा शेकड्याचा दर बघतो. "अण्णा, बलक बघायला आत कोण जातंय?" असं तो एकदा म्हणाला. "विठ्ठल बघतोय," अण्णा म्हणाले आणि पुढचा ट्रे पुसायला घेतला.

लसणाची मात्रा वाढवली त्या आठवड्यात मात्र मला धीर करावा लागला. म्हटलं, "अण्णा, रागावू नका, पण अंड्याला लसणाचा वास येतोय."

अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे आत उतरलं!" ते दोन पावलं पुढे आले, उपरणं नाकावरून निसटलं तरी भान नाही. "ओवा झाला, मिरची झाली, हळद झाली, लसूणही आला. पुढच्या महिन्यात कोथिंबीर सुरू करतो, मास्तर. मीठ तेवढं तुम्ही घाला."