महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारास खुले पत्र

माननीय दुसरे मंगळवार यांस,


विंडोज असो की इंटरनेट एक्सप्लोरर, भोकाला ठिगळ लावायचं ते आपल्याच दिवशी, असं मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ मध्ये ठरवलं. मंगळवारी संकष्टी आली की अंगारकी होते. आपण आलात की आमच्या सर्व्हररूममध्ये तशीच धांदल उडते. तक्रार नाही. पूर्वी ठिगळं वेळीअवेळी यायची, त्यापेक्षा ठरलेला दिवस बरा.

अडचण एकच, पंचांग चोरांनीही घेऊन ठेवलं. ते बुधवार गाठतात. ठिगळ काल येऊन गेलं, आता पुढल्या महिन्यातल्या मंगळवारापर्यंत रान मोकळं! धंद्यात त्याला ‘एक्सप्लॉइट वेन्सडे’ असं नावही पडलं.

२००६ सालचा हिशेब वॉशिंग्टन पोस्टच्या ब्रायन क्रेब्सने मांडला होता. इंटरनेट एक्सप्लोरर सहा आणि त्याआधीच्या आवृत्त्यांतली गंभीर भोकं माहीत, आत शिरायचा कोड चव्हाट्यावर आणि ठिगळाचा पत्ता नाही, असे दिवस भरले २८४. फायरफॉक्सचे ९.

पण आपला खरा थाट १२ जानेवारी २०१० चा. आपलाच दिवस, ठिगळही आलं. त्याच दिवशी गुगलने जाहीर केलं की चीनमधून त्यांच्यावर हल्ला झाला. दोनच दिवसांत कळलं, चोर एक्सप्लोररच्या भोकातूनही शिरले होते. त्या भोकाची खबर मायक्रोसॉफ्टला सप्टेंबरपासून होती. ठिगळ फेब्रुवारीच्या मुहूर्तासाठी राखून ठेवलेलं. मग जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी यंत्रणा लोकांना सांगू लागल्या, तूर्त दुसरा ब्राउझर वापरा. आणि काय आश्चर्य, २१ तारखेला, चक्क गुरुवारी, ठिगळ हजर! आपला मान गेला याचं वाईट वाटलं. गुगलऐवजी आमच्या कचेरीत चोर शिरले असते, तर तो नक्की राहिला असता.

आमच्याकडे आपण रात्री साडेदहाला पोचता. अमेरिकेचं घड्याळ हिवाळ्यात मागे सरकलं की साडेअकराला. मी डबा खाऊन वाट बघत बसतो. परवा एक पीसी अपडेट घेईना म्हणून पाहिलं, तर अकाउंट्समधल्या काकांनी ‘रिमाइंड मी लेटर’ दाबून ठेवलेलं. विचारलं तर म्हणाले, “मार्चएंड होऊ दे रे.”

आपला,
रात्री थांबणारा आयटीवाला