रागाचा भाव

२०१६ साली फेसबुकने अंगठ्याशेजारी बदाम, हसू, आश्चर्य, अश्रू आणि लालबुंद राग मांडून ठेवला. पुढच्याच वर्षी, कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना, या नव्या चेहऱ्यांना लाइकच्या पाचपट वजन दिलं. म्हणजे पाच जणांनी ‘छान’ म्हणावं, तेव्हा कुठे एका संतापलेल्या काकांची बरोबरी! भांडणंच वर तरंगू लागली, तसा रागाचा भाव उतरवत उतरवत २०२० मध्ये शून्यावर आणला. नॉस्टर या समाजमाध्यमांसाठीच्या प्रोटोकॉलने मात्र सरळ वाण्याच्या वहीतली चिन्हं उचलली: आवडलं तर अधिक, नावडलं तर उणे. (हौस असेल तर इमोजीही चालतो म्हणे.) आता भावनांची नवी मापं घडवायला बसलेल्यांना एकच विनंती. आमच्याकडे निधनाच्या बातमीवरही अंगठाच उठतो. त्याचं वजन तेवढं आधी ठरवा.