ईशान्येचं पाणी

आमच्या हॉलच्या भिंतीवर जानेवारीत डाग उगवला. पुरीएवढा, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. तातडीची कौटुंबिक बैठक होऊन त्यावर कॅलेंडर टांगायचं ठरलं. गुडघ्याच्या उंचीवर कॅलेंडर असणारं आमचं शहरातलं बहुधा एकमेव घर. एकादशी कधी आहे हे बघायला आईला पाटावर बसावं लागे. फेब्रुवारीत डाग कॅलेंडरबाहेर आला, तेव्हा सोफा भिंतीला लावला. त्यानंतर आम्ही सगळे टीव्ही मान वाकडी करून बघू लागलो. सोफ्यामागे रंगाचे पापुद्रे सुटले, लोणा फुलला आणि एक वास यायला लागला. तो आम्ही काही दिवस एकमेकांच्या मोज्यांवर ढकलला.

हाच डाग जूनमध्ये आला असता तर अब्रू वाचली असती. जून ते सप्टेंबर आपल्याकडे प्रत्येक गळती पावसाच्या खात्यावर टाकता येते. जानेवारीतली गळती बेवारस. सेक्रेटरींनी आदर्श उपविधींचं पुस्तक पोथीसारखं उघडलं आणि कलम वाचून दाखवलं. बाहेरच्या सामायिक पाइपातून गळलं तर खर्च सोसायटीचा, घरातल्या संडास-सिंकमधून गळलं तर सभासदाचा.

“पण पाइप आतला की बाहेरचा, हे भिंत फोडल्याशिवाय कसं कळणार?”

“फोडा की. भिंत तुमचीच आहे.”

प्लंबर आला. त्याने हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकली, डोळे मिटले आणि प्लंबर, न्हावी व दाताचे डॉक्टर ज्या वाक्याने कामाला सुरुवात करतात ते वाक्य उच्चारलं, “हे काम कोणी केलंय?”

पण माणूस हुशार. त्याने खिशातून खडू काढून डागाभोवती रेघ मारली. म्हणाला, “साहेब, रात्रभर सिंकमध्ये थेंब सांडू नका. नळाच्या लाइनला दाब असतो, ती दिवसरात्र गळते. वेस्टचा पाइप तुम्ही पाणी सोडाल तेव्हाच गळणार. सकाळी डाग रेघेबाहेर गेला तर नळाची लाइन. भांडी घासल्यावर फुगला तर वेस्ट.”

सकाळी डाग रेघेच्या आत होता. दुपारी भांडी झाली आणि तो रेघ ओलांडून आला. खात्रीसाठी प्लंबरने सिंकमध्ये बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ कालवून ओतली. पुरावा दुसऱ्या दिवशी मिळाला, पण खालच्या मजल्यावर. काकूंनी दिवाळीतच करून घेतलेल्या पांढऱ्याशुभ्र पीओपीवर निळा ढग आला होता. काकू वर आल्या, चहा नको म्हणाल्या. आमच्या इमारतीत ‘चहा नको’ याच्या पुढची पायरी वकिलाची नोटीस ही असते.

आता मूळ गुन्ह्याकडे वळतो. आमचं सिंक पूर्वी डक्टला चिकटून होतं. हातभर पाइप, पाणी भिंतीबाहेर, विषय संपला. मग नूतनीकरणाच्या वेळी एक वास्तुतज्ज्ञ आले. त्यांनी होकायंत्र ओट्यावर ठेवलं आणि त्यांचा चेहरा पडला. पाणी ईशान्येला हवं, अग्नी आग्नेयेला. आमचं सिंक नैऋत्येला! मुलाचं गणित कच्चं का, माझी बढती कुठे अडली, सगळ्याचा उलगडा त्या एका सिंकमध्ये झाला. सिंक ईशान्येला गेलं. डक्ट मात्र जागचं हललं नाही, कारण ते सात मजल्यांचं आहे आणि त्याला बढतीची अपेक्षा नाही. त्यामुळे आमचं खरकटं पाणी ईशान्येला जन्म घेऊन, हॉलच्या भिंतीतून 13 फूट प्रवास करून, शेवटी नैऋत्येलाच जाऊ लागलं. पाइप दिसू नये म्हणून भिंतीत झरी मारून तो गाडला आणि वर 2 हात पुट्टी, 2 हात रंग.

पाण्याला दिशा कळत नाही, उतार कळतो. साधारण 40 इंचांना 1 इंच, म्हणजे 13 फुटांना जवळजवळ 4 इंच उतार हवा होता. आमच्या कंत्राटदाराने अर्धा दिला असेल, तोही चुकून. उरलेल्या सपाट पाइपात चहाचा चोथा, भाताची शितं आणि साजूक तूप थरावर थर देऊन बसलं.

भिंत फुटली. कटर किंचाळला, छिन्नी चालली, घरभर लाल भुकटी. आईच्या देवघरातला बाळकृष्णही विटकरी झाला. अखेर पाइप दिसला. प्लंबरने कोपऱ्यातला एल्बो दोन बोटांनी धरून नुसता ओढला आणि तो बाटलीच्या बुचासारखा हातात आला. आत सोल्यूशनचा टिपूसही नव्हता. “कोरडाच घातलाय,” तो म्हणाला. इतकी वर्षं तो जोड निव्वळ भोवतालच्या सिमेंटच्या भिडेवर टिकून होता.

नवा पाइप पडला, उतार पाणसळ लावून मिळाला, जोडांना सोल्यूशन लागलं. सिंकही मुकाट्याने नैऋत्येला परतलं. म्हणजे 13 फुटांपैकी 12 फूट पाइपाची गरजच उरली नाही, हे मी काकूंना सांगितलेलं नाही. उरलेला फूटभर प्लास्टरखाली जाण्यापूर्वी प्लंबरने शहाणपणाचा सल्ला दिला, “साहेब, टेप लावून फोटो काढून ठेवा. पुढे कोणी खिळा ठोकायला नको.” मी टेप लावली, फोटो काढला. त्याने लगेच माल कालवून भोक बुजवलं.

रात्री सेक्रेटरींनी फायलीला लावायला तो फोटो मागितला. मी मोबाइल उघडला. फोटो झकास आला होता. मधोमध प्लंबर उभा होता, हसत, अंगठा वर करून. त्याच्या कमरेमागून टेपचं पिवळं टोक तेवढं दिसत होतं.