चार ग्रेव्ह्या, पाच स्टार

हॉटेलात जाऊन आपणच राबावं अशी ज्यांना पहिल्यापासून हौस आहे, त्यांचे सध्या सोन्याचे दिवस चालू आहेत. गावभर शाखा असलेल्या कुठल्याही ‘फॅमिली रेस्टॉरंट’मध्ये शिरा. टेबलावर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करा, मोबाइल नंबर द्या, ओटीपी टाका, वाढदिवस सांगा. (लग्नाचाही विचारतात. मसाला डोशाचा त्याच्याशी काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक.) मग मुंगीएवढ्या अक्षरांतला मेन्यू वरखाली सरकवत स्वतःची ऑर्डर स्वतःच घ्या. चुकीचं काही आलं तर खेकसायलाही समोर आपणच.

पूर्वी उडप्याकडचा पोऱ्या चारही ग्लासांत बोटं बुडवून पाणी आणायचा आणि आपण नाकं मुरडायचो. आता बोटंही नाहीत आणि पाणीही नाही. ‘रेग्युलर की मिनरल?’ एवढं विचारायला एक मुलगा येतो; ‘रेग्युलर’ म्हटलं की अंतर्धान पावतो. जुना वेटर चार टेबलांचा हिशेब डोक्यात ठेवायचा आणि गिऱ्हाईक गल्ल्यापाशी पोचायच्या आत आकडा ओरडून मोकळा व्हायचा. या मुलाला बोल लावण्यात मात्र अर्थ नाही. तो परवाच लागलाय आणि पुढच्या महिन्यात डिलिव्हरीच्या बाइकवर दिसेल. जरा कांदा मिळेल का, असं विचारलं तर तो टॅबमध्ये बघतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, ‘सिस्टीममध्ये नाही, सर.’ शेजारच्या टेबलावर कांदा असतो.

आचाऱ्याचं तर नावच काढू नका. शहराबाहेर एक सेंट्रल किचन असतं. तिथे लाल माखनी, कांदा-टोमॅटोची पिवळी, काजूची पांढरी अशा ठरलेल्या ग्रेव्ह्या शिजतात, पिशव्यांत बंद होतात, गोठतात आणि टेम्पोत बसून शाखाशाखांना जातात. यात मुळात वाईट काही नाही. ठाण्यात खा नाहीतर नाशकात, चव एकच लागावी, एवढाच हेतू. पण ती चव आता शाखा ओलांडून पदार्थांतही शिरली आहे. वर सिमला मिरचीचे तुकडे पडले की कढाई, अख्खी लाल मिरची टोचली की कोल्हापुरी, काहीच सुचलं नाही की ‘तुफानी’. ज्या गावानं तांबडा-पांढरा रस्सा दिला, त्याच्या नावावर हे खपतं आणि पंचगंगा तरीही शांतपणे वाहत राहते.

बरं, हे एका रात्रीत होत नाही. शाखा वाढतात, मॉलचं भाडं वाढतं, डिलिव्हरीवाले आपलं कमिशन कापून घेतात. मग हेड ऑफिसात कुणीतरी एक्सेल उघडून बसतो. काजूच्या जागी मगज येतं, मगजाच्या जागी कॉर्नफ्लॉवर. वाटी तीच राहते, तळ मात्र वर येतो. मेन्यूवर तेवढी नवी विशेषणं चढतात.

पनीरचा मान वेगळा. दुधाऐवजी वनस्पती तेलावर पोसलेल्या त्याच्या तोतया भावाला पाकिटावर ‘अ‍ॅनालॉग’ असं लिहून घ्यावं लागतं. ताटात पाकीट येत नाही, ही त्याची सोय. मार्च 2025 मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते बनावट पनीर घेऊन थेट विधानभवनात पोचले होते. आपल्या ताटातलं कुठल्या घराण्यातलं, हे विचारलं की मुलगा पुन्हा टॅबमध्ये बघतो.

मग बिल. ज्या सेवेचा पत्ता नव्हता, तिचा 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यासकट सगळ्यावर 5 टक्के जीएसटी, केंद्राला अर्धा, राज्याला अर्धा. हा चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजीच बजावलं होतं. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांना दंडासह परत पाठवलं. मॅनेजरला हे सगळं तोंडपाठ असतं. तो अदबीनं म्हणतो, ‘काढतो ना सर, फक्त हेड ऑफिसचं अप्रूव्हल लागेल. तोवर फीडबॅक भरता? पाच स्टार दिले तर मुलांना इन्सेंटिव्ह मिळतो.’ जेवण बिघडवलं हेड ऑफिसनं आणि स्टार कापले तर पगार या पोराचा कापला जाणार. व्यवस्था मोठी चोख आहे. आपण मुकाट्यानं पाच देतो.

तेवढ्यात मागच्या दारातून लसणाच्या फोडणीचा वास येतो. अस्सल. चौकशी केली की कळतं, स्टाफसाठी आमटी-भात टाकलाय. बिहारचा एक पोरगा रोज करतो. त्या छताखाली मुळापासून शिजणारा तो एकमेव पदार्थ. ‘वाटीभर द्या की, काय होतील ते पैसे लावा.’

मॅनेजर खरोखरच ओशाळतो. ‘देता नाही येणार, सर. त्याला आयटम कोड नाही. पण पनीर तुफानीवर आज ऑफर आहे.’