चिखलाची अमानत

मुंबई परिसरात पै-पैचा हिशेब इमानाने राखणारा खजिनदार आजमितीस एकच उरला असून, तो ठाण्याच्या खाडीतील चिखल होय, असे माझे नम्र मत आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातून आणि देवनारच्या कचराभूमीवरून जे शिसे, जस्त, कॅडमियम आणि पारा वाहत येतो, तो सारा हा गृहस्थ विनातक्रार जमा करून घेतो. तिवरांच्या श्वासमुळांत भरतीचे पाणी मंदावते, बारीक गाळ खाली बसतो आणि त्याच्या कणांना, कुजलेल्या पानांना धातू चिकटतात. चार बोटे खाली प्राणवायूच नसल्यामुळे तेथील जिवाणू सल्फेटवर गुजराण करून जो वायू सोडतात, त्याच्याशी संयोग पावून हे धातू अविद्राव्य सल्फाइडांच्या रूपाने जखडले जातात. कुजक्या अंड्यासारख्या ज्या दुर्गंधीबद्दल खाडीकाठच्या सदनिकाधारकांचे अर्ज जातात, ती दुर्गंधी म्हणजे वस्तुतः तिजोरीला कुलूप पडत असल्याची वर्दी आहे.

सरकार गुणग्राहक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. येथे 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले, 2022 साली रामसर यादीत खाडीचे नाव चढले. सत्कार पक्ष्यांचा झाला, चिखलाला निमंत्रण नव्हते. कांदळवनाच्या तोडीस उच्च न्यायालयाने 2005 पासून मनाई केलेली आहे. परंतु 'सार्वजनिक हित' नामक सद्गृहस्थांस वेळोवेळी परवाना मिळतो, आणि मग तक्त्यात झाडांची मोजदाद होऊन तितकीच, किंबहुना अधिक, रोपे अन्यत्र लावण्याचा हुकूम निघतो. रोपे लागतात, छायाचित्रे निघतात. मात्र जुन्या खात्यातील शिल्लक नव्या खात्यावर चढत नाही. उपसलेल्या चिखलाला हवा लागताच सल्फाइडांचे आम्ल होते, जखडलेले धातू विरघळून मोकळे होतात आणि खेकडे, निवट्या, कालवे यांच्या मार्फत कोळणीच्या पाटीत येऊन बसतात. धातू कुजत नाही की मुदतबाह्यही होत नाही. तो केवळ मुक्काम हलवतो.

म्हणून माझी दरखास्त अशी की, यापुढे खाजणात यंत्र उतरविण्यापूर्वी दवंडी पिटवून सर्व ठेवीदारांस पाचारण करावे आणि ज्याने त्याने आपापली अमानत ओळखून, सही-शिक्क्यानिशी परत न्यावी. एकही कारखानदार फिरकणार नाही, हे मी जाणतो. परंतु बेवारस माल सरकारजमा होतो, असा जुना दंडक आहे. तेव्हा मंत्रालयाच्या तळघरात तितकी जागा आहे किंवा कसे, एवढीच चौकशी तूर्त बाकी राहते.