पॅरिसला तीन, कागलला पाच

मिशेलिन ही फ्रान्समधली टायर कंपनी. लोक गाड्या घेऊन हिंडले तर टायर झिजतील, या निर्मळ हेतूनं दोघा मिशेलिन बंधूंनी 1900 साली वाटसरूंसाठी गाइड काढलं. 1926 पासून त्यात चांगल्या हॉटेलांना तारा मिळू लागला. पुढे तारे तीनपर्यंत वाढले आणि तिथंच थांबले. पॅरिसचा आचारी चुलीपुढं जन्म घालवू दे, चौथा मिळत नाही. आमच्या कागल एमआयडीसीला सरकारनं पाच दिलेत, तेही कुणी जेवायला बसायच्या आधी.

तर या पंचतारांकित मुलखात फौंड्रीतल्या एका मित्राचा वाढदिवस आला. चौकात गॉगलवाला फ्लेक्स लागला. तलवारीनं केक कापायचा बेत पोलिसांच्या धास्तीनं प्लास्टिकच्या सुरीवर आला. राहिलं जेवण. एकानं मोबाइल बघून ठराव मांडला, "यंदा फ्रेंच स्टाइल! मंद उजेड, बारकं टेबल, एकेक डिश येणार."

"एकेक? आन् नाइट शिफ्टवाल्यांनी कवा जेवायचं?"

इतिहास नाइट शिफ्टच्या बाजूनं आहे. एकामागून एक पदार्थ आणायची रीत मुळात रशियन. पॅरिसात ती रुळली एकोणिसाव्या शतकात. त्याआधीच्या अस्सल फ्रेंच मेजवानीत एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम मांडत. म्हणजे सुक्कं, तांबडा, पांढरा, भाकरी आणि दहीकांदा एकाच दणक्यात पुढ्यात आदळणारी आमची हायवेकडेची खानावळ थेट चौदाव्या लुईच्या पंगतीतली. मंद उजेडाची सोय तर वीज मंडळाकडून अधूनमधून होतेच.

मिशेलिनचा तपासनीस म्हणे ओळख न देता येतो, जेवतो आणि बिल भरून जातो. हे ऐकून आमच्या क्वालिटीवाल्याला ठसका लागला. त्याच्या माहितीतला तपासनीस यायचा म्हटलं की आठवडाभर आधी शेडला रंग लागतो, कोपऱ्यातलं रिजेक्शन ताडपत्रीखाली जातं, कामगारांच्या डोक्यांवर हेल्मेट उगवतात. दुपारच्या मटणाचं बिल 'किरकोळ खर्चा'त. शेरा कसा पडतो ते मटणाच्या तुकड्यांवर.

शेवटी खानावळच ठरली. चौदाव्या लुईची हकिगत आम्ही मालकालाही ऐकवली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली, वाढदिवसवाल्याच्या वाटीत आणखी पांढरा ओतला आणि म्हणाला, "आसू दे की. पर उधारी तिकडं फ्रान्सात चालत आसंल, हितं न्हाई."