बिबड्यांच्या खाटेवरून विजेचा बाजार

मी अंगणात खाटेवर बिबडे घालत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून आबा आले. हातात विजेचं बिल.

"ताई, तुमची नणंद धुळ्याला ना? तिकडे युनिट स्वस्त आहे म्हणे!"

"कोण सांगतं? मुंबईतल्या कंपन्या सोडा. बाकी जळगाव काय न् धुळं काय, घरगुती दर एकच. तिचं बिल कमी येतं, कारण ती कूलर लावत नाही. भाऊजींना गच्चीवर झोपवते."

आबा हसले, पण हलले नाहीत. "मग पेपरात येतं, एक्सचेंजवर दर पंधरा मिनिटांनी भाव बदलतो, ते काय?"

आमचे हे दीपनगरच्या वीज केंद्रात होते, त्यामुळे हे पुराण मला पाठ.

"तो कंपन्यांचा घाऊक बाजार, आबा. केळीसारखा. रावेरला भाव चढला की बऱ्हाणपूरला चढतोच, ट्रक लगेच पोचतो म्हणून. रस्ता बंद पडला, की इथं केळी काळी पडतात आणि तिकडे मिळत नाहीत. विजेचा रस्ता म्हणजे तारा. मोकळ्या असल्या तर देशभर एकच भाव. तुंबल्या की बाजाराचे तुकडे. मग आपण गुजरातबरोबर, आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशाच्या तुकड्यात!"

"असं होतं खरंच?"

"दक्षिणेचं झालं ना. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर 765 केव्हीची लाईन जोडली, तेव्हा कुठे तिकडचं ग्रिड उरलेल्या देशाशी एकजीव झालं. तोवर तिकडे वीज कितीदा तरी आपल्यापेक्षा महाग. जोडल्यावरही भाव जुळायला काही वर्षं गेली. एका पायवाटेनं किती माल जाणार? आपल्या धुळ्यालाही 765 चं सबस्टेशन आहे, तिथून लाईन थेट वडोदऱ्याला जाते."

"आणि दुपारी भाव पडतो तो?"

"साक्रीत ऊन, गुजरातेत ऊन, राजस्थानात ऊन. सगळ्यांचं सोलर एकदम चालतं, भाव एकदम पडतो. दिवेलागणीला सगळीकडे एकदमच चढतो, कधी कधी दहा रुपयांना टेकतो. त्याच्या वर जायला बंदी आहे."

"म्हणजे दुपारी वीज स्वस्त, आणि मला काहीच नाही?"

"आहे की! 1 जुलै 2025 पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच थोडी सवलत आहे. फक्त स्मार्ट मीटर पाहिजे."

आबा गप्प झाले. बिलाची घडी घालून खिशात ठेवली. स्मार्ट मीटर बसवायला आलेल्या पोराला गेल्याच महिन्यात त्यांनी फाटकावरून हाकललं होतं.